हिरवी टिकली

“काका, मेणबत्ती नाही विझवायची. गावची होळी एका फुंकरीत विझवायचीय असं समजा. भरा छाती... हां, आता!”

मेहरीनचं हे बोलणं ऐकून अंगणात रांगेनं उभे असलेले कामगार हसले. लडकू हसला नाही. त्यानं बनियनच्या कडेनं ओठ पुसले, हातातल्या प्लॅस्टिकच्या नळीकडे पाहिलं, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भावना मॅडमकडे पाहिलं आणि शेवटी आपल्या लेकीकडे, तुळजाकडे. देवळाच्या पायरीवर नारळ आपटण्याआधी माणूस क्षणभर थांबतो, तसा तो थांबला. मग जीव खाऊन फुंकला.

दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या काशीनं डोळे मिटून घेतले. आतले माग धडधडत होते, पण तिला ते ऐकू येत नव्हते. ओठ मात्र हलत होते. एकविरा आई, हिरवा येऊ दे. एवढा एक हिरवा येऊ दे.

“हिरवा!” मेहरीन ओरडली. “काका, काय छाती आहे तुमची!”

नळीवरचा छोटा काटा सरकत हिरव्या पट्टीवर जाऊन थांबला होता. तुळजानं नुसतं हसून खाली मान घातली. मॅडमनी लिहून घेतलं. लडकूनं खोकला घशातच दाबून ठेवला आणि तो दारातल्या बायकोकडे बघून असा हसला, की लग्नातही तो तसा हसला नव्हता.

“आज काही औषध घेतलंय का, काका? गोळी, पंप, काही?” मेहरीननं विचारलं. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारायचा होता.

“न्हाय गो. मना कसला औषध?”

काशी डब्याच्या कडीशी उगाच चाळा करत राहिली.

लडकू मूळचा दापोड्याचा. तिथं ज्यांच्या जमिनी होत्या त्यांनी गोदामांना दिल्या आणि बंगले बांधले. लडकूच्या बापाच्या नावावर जमीनच नव्हती, त्यामुळे लडकूनं भिवंडी गाठली. मुनीरशेठच्या कारखान्यात तो कांडीखात्यात होता. मोठ्या बॉबिनवरचा धागा मागाच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या कांड्यांवर भरायचा, हे त्याचं काम. मिसरूड फुटायच्या आधी तो त्या स्टुलावर बसला होता आणि आता त्याच्या भुवयाही पांढऱ्या दिसायच्या. त्यातलं पांढरं किती वयाचं आणि किती रुईचं, हे आंघोळ झाल्याशिवाय कळत नसे.

घर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत. भिंतीला भिंत. खिडकीतून रुई घरात यायची, उंबऱ्यावर, भांड्यांवर, देवावर बसायची. रोज पहाटे एकविरेच्या तसबिरीवरची रुई ओल्या फडक्यानं पुसायची, मग दिवा लावायचा, मग चहा, असा काशीचा नेम होता. लग्न झाल्यापासून तो चुकला नव्हता. तुळजा पोटात असताना नाही, लडकूचा थोरला भाऊ गेला तेव्हा सुतक म्हणून दिवा लावला नाही, पण रुई पुसली. देवीला श्वास घेता आला पाहिजे, असं ती मनाशी म्हणायची.

तुळजा त्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. मुंबईच्या एका संशोधन संस्थेनं अशाच मुलांसाठी योजना काढली होती. ज्यांच्या घरात कुणी प्रयोगशाळेचं दार पाहिलं नाही, त्या मुलांना एका शिक्षकाच्या हाताखाली खरंखुरं संशोधन करायला द्यायचं. त्यातली निवडक मुलं मग उन्हाळ्यात संस्थेत जाऊन राहणार, शास्त्रज्ञांबरोबर काम करणार. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या भावना मॅडमनी तुळजा आणि मेहरीन या दोघींची नावं दिली होती. विषय दोघींनीच निवडला. मागावरच्या माणसांचा श्वास.

पहिल्याच बैठकीत मॅडम म्हणाल्या होत्या, “सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हा त्रास जास्त दिसतो. म्हणजे आपण सोमवारी मोजायचं.”

दोघी पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. “मॅडम,” तुळजा म्हणाली, “भिवंडीतला सोमवार शनिवारी येतो. शुक्रवारी माग बंद असतात ना.”

मॅडमही हसल्या. “म्हणूनच तुम्ही पाहिजेत मला,” म्हणाल्या.

मॅडमचा एक नियम मात्र होता. आपल्या माणसाचं आपण मोजायचं नाही. म्हणून लडकूच्या वेळी नळी मेहरीनच्या हातात होती. हिरव्या पट्टीत आला तर श्वास चांगला, पिवळ्यात आला तर जपा, लाल आला तर डॉक्टरकडे. हे तुळजानं घरी कितीदा तरी समजावलं होतं. आदल्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती सहज म्हणाली होती, “बाबा, उद्या नीट फुंका हां. मॅडम समोर असतील.”

तेवढंच. पण लडकूच्या ते डोक्यात बसलं.

पहाटे काशी आंघोळीचं पाणी तापवायला मागच्या चुलीपाशी गेली, तर लडकू आधीच तिथं उकिडवा बसलेला. चूल पेटलेली नव्हती. हातात बांबूची फुंकणी, आणि तो थंड राखेवर फुंकत होता. राख उडून त्याच्या मिशांवर बसली होती.

“अवो, काय करताव?”

“सराव.”

“कसला सराव?”

“पोरीचा पेपर हाय आज.” त्यानं फुंकणी मांडीवर ठेवली. “मॅडम लिवून घेनार. इतकी वर्सं तिनं मार्क आनलं, आपून नुसता पेढा खाल्ला. आज तिचं मार्क माज्या छातीत हायत, काशे.”

“तसा न्हाय बोलली ती. ती बोलली दुखना बघतान.”

“तुना काय कलतंय? मास्तरीन समोर उबी, हातात पेन, आकडा लिवनार. त्याला परीक्षाच बोलतान.” आणि मग त्याला खोकला आला. असा आला की फुंकणी मांडीवरून घरंगळली. शनिवारचा खोकला त्याला नेहमीच जास्त यायचा, पण आजचा कारखान्यात पाऊल टाकायच्या आधीच आला होता. उबळ थांबली तेव्हा लहान मुलासारखा तो काशीकडे बघत होता. “ह्या छातीनं त नापासच होनार ती.”

काशीला कळत होतं की काहीतरी चुकतंय. पण नवऱ्याचं ते तोंड तिला बघवलं नाही. ती पदर डोक्यावर घेऊन शेजारच्या जैनबचाचीकडे गेली. जैनब ही मेहरीनची आजी, दम्याची जुनी रोगी. तिच्या उशीखाली निळा पंप कायम असायचा.

“ये दवा है काशी, अत्तर नहीं, के आए-गए को लगाते फिरूँ,” जैनब कुरकुरली. पण बरणी मागितली तरी लोणचं भरून देणारी बाई ती. “दो बार खींचने को बोल. और डॉक्टर को दिखा उसको.”

लडकूनं दोनदा ओढला. थोड्या वेळानं म्हणाला, “काशे, खिडकी उगडल्यावानी वाटतंय गो आत.” काशीनं आल्या-मिऱ्याचा काढा दिला, दिवा लावला आणि हात जोडून नवस बोलली. आई, आज हिरवा आला तर चैत्राच्या पालखीपर्यंत मासळीला हात लावणार नाही. तुझी ओटी भरीन आणि मगच खाईन.

हिरवा आला.

त्या दिवशी लडकूनं चहाच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. “पोरगी पास झाली,” एवढंच सांगायचा. रांगेतल्या ताबिशचा काटा लालवर थांबला होता. उत्तर प्रदेशातून आलेला, दोन लेकरांचा बाप, घाबरून रडकुंडीला आला होता. लडकूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “आरे ताबिश, फेल हुआ तो क्या हुआ? फिरसे बैठनेका. अपना भांजा हरेश दसवी में तीन बार बैठा.”

घरी काशीनं सुकटीचा डबा उचलून माळ्यावर ठेवला तेव्हा लडकूला हसू आवरेना. “आगरीन आनि मासली न्हाय खात! उद्या मांजर एकादस धरल.”

“हसा. तुमच्यासाटीच हाय.”

“माज्यासाटी न्हाय, पोरीसाटी,” तो म्हणाला. आणि त्यालाही तसंच वाटत होतं, तिलाही.

पिवळे आणि लाल आलेले कामगार मॅडमनी स्वतः बरोबर जाऊन छातीच्या डॉक्टरला दाखवले. ताबिशला औषध सुरू झालं, त्याला मागावरून काढून मुनीरशेठनं फाटकावर बसवलं. हिरव्यांचं काही करायचं नव्हतं. हिरवे घरी गेले.

थंडी पडली तसा लडकूचा खोकला थांबेना. जिना चढताना तो मध्ये थांबायचा आणि चप्पल नीट करतोय असं दाखवायचा. तुळजा एकदा नळी घेऊन त्याच्यासमोर बसली. “बाबा, परत एकदा मोजूया.”

“कशाला? एकदा पास झालेला पोर परत परीक्षेला बसतंय काय?”

“ती परीक्षा नव्हती, बाबा. किती वेळा सांगू?”

“मग तुजा मशीन खोटा बोलतंय काय? हिरवा आला ना?”

तिच्याच मशीननं तसं सांगितलं होतं. आणि नवल म्हणजे काशीचाही विश्वास बसत चालला होता. पंप ओढला खरा, पण तो देवीनंच सुचवला असेल. हिरवा आला म्हणजे आत कुठंतरी हिरवं असणारच. थंडी सरली की बरं वाटेल. माणूस आपणच रचलेल्या गोष्टीच्या सावलीत बसतो आणि मग ते झाड खरंच आहे असं त्याला वाटू लागतं.

माघात लडकूला सरकारी इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, “किती वर्षांपासूनचं आहे हे?”

“वर्षं नाही, सर,” तुळजा ठामपणे म्हणाली. “दिवाळीनंतर आम्ही स्वतः मोजलं होतं. हिरवा होता.”

डॉक्टरनं फोटोकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं.

काशीनं तोंड उघडलं होतं. पण खाटेवरून, त्या मास्कच्या आडून, लडकूनं तिच्याकडे बघत मान हलवली. न्हाय. बोटही उचललं होतं थोडं. काशीनं तोंड मिटलं. शिमग्याच्या आधी तो गेला, आणि ती हललेली मान काशीच्या पदराला गाठ मारल्यासारखी राहून गेली.

दिवस-कार्य झालं. दापोड्याची माणसं येऊन गेली. लडकूची बहीण जाताना म्हणाली, “पोरगी आता घरान किती दिवस ठेवशील गो? कशेलीचा एक पोर हाय, स्वताचा टेंपो हाय.” तुळजा खाली मान घालून ऐकत होती. कॉलेजला जाणं तिनं थांबवलंच होतं. लडकूच्या जागी कांडीखात्यात आता त्याचा भाचा हरेश बसायला लागला होता. नुकतंच लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले. मामाच्या स्टुलावर बसायच्या पहिल्या दिवशी तो काशीच्या पाया पडून गेला होता.

चैत्र लागला तेव्हा एका दुपारी भावना मॅडम आल्या. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून नाक्यापासून चालत. त्या सांत्वनाचं काही बोलल्या नाहीत. काशीच्या शेजारी जमिनीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि मग म्हणाल्या, “काशीताई, तुळजाची निवड होण्यासारखी आहे. संस्थेत जाऊन आपलं काम सांगायचं, एवढंच राहिलंय. मेहरीन एकटी सांगेल, पण हे काम दोघींचं आहे.”

“मना काय विचारताव, मॅडम? तिलाच विचारा.”

तुळजा दारात उभी होती. “मी खूप विचार केला, मॅडम,” ती म्हणाली. “मला सारखं वाटायचं, माझ्या घरातच होतं आणि मला दिसलं नाही. पण मग आठवतं, आपण तर मोजलं होतं ना? नीट मोजलं होतं. हिरवा होता. म्हणजे हे नंतर अचानक आलं. कुणाला कळलंच नसतं.” तिनं उंबऱ्यावरची रुई पायानं सारली. “एवढं एक आहे म्हणून झोप लागते मला.”

काशी उठून चहा टाकायला गेली. साखर घातली की नाही, तिला आठवेना. परत घातली.

तुळजा पुन्हा कॉलेजला जाऊ लागली. मुंबईसाठी छापील पोस्टर व्हायचं होतं, पण मॅडमचं म्हणणं असं, की आधी एक हातानं करा, साध्या मराठी-हिंदीत, कारखान्यात लावता येईल असं. ज्यांचा श्वास मोजला त्यांना आधी कळलं पाहिजे. मोठा पांढरा कागद आणून काशीच्या घरात भिंतीवर लावला. प्रत्येक खात्याची एक ओळ आखली आणि प्रत्येक माणसासाठी एक ठिपका.

“ठिपके कशानं करायचे? स्केचपेन पसरतंय,” मेहरीन म्हणाली.

काशी आतून एक पत्र्याची डबी घेऊन आली. तिच्यात टिकल्यांची पाकिटं होती. लाल, पिवळ्या, हिरव्या, मरून. लडकूला बाजारात गेलं की एखादं पाकीट आणायची खोड होती; घरात आधीचं आहे की नाही हे तो कधी बघत नसे.

“आई, नको,” तुळजा म्हणाली.

“मना आता कशाला पायजेत?” काशी साधेपणानं म्हणाली. “कामाला तरी येतीन.”

मेहरीननंच पहिलं पाकीट उघडलं. भिंतीवरच्या कागदावर एकेक माणूस चिकटू लागला. मागावरच्यांच्या ओळीत लाल-पिवळ्यांची दाटी. कांडीखात्याची ओळ छोटी. तिच्यात पोरंसोरं जास्त, सगळी नवी. शेवटी सगळ्यात जुन्या कामगाराच्या जागी तुळजानं एक हिरवी टिकली लावली आणि बोटानं जरा जास्त वेळ दाबून धरली.

शुक्रवारी माग बंद होते. गल्ली इतकी शांत, की कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला व्हावं. दुपारची नमाज झाल्यावर मेहरीन आजीला हाताला धरून घेऊन आली, मॅडमही आल्या. तुळजा सगळ्यांसमोर बोलून दाखवणार होती. जैनब पलंगावर बसली, बाकी सगळे खाली.

“चल, सुना,” जैनब म्हणाली. “मराठी में बोल. इंग्लिश में बोलेगी तो मैं खर्राटे लूँगी.”

तुळजा हातात काठी घेऊन कागदासमोर उभी राहिली. आधी अडखळली, मग सुरात आली. शुक्रवार-शनिवारचं सांगितलं. मागावरच्यांचं सांगितलं. काशी ऐकत होती. आपल्या घरात असं बोलणारं माणूस तयार झालं, हे लडकूनं बघायला हवं होतं, असं तिला वाटत असतानाच तुळजाची काठी खालच्या ओळीवर आली.

“कांडीखात्यात मात्र त्रास दिसत नाही. तिथली बाकीची माणसं नवी आहेत. पण सगळ्यात जुना कामगार, ज्यानं आयुष्य तिथं काढलं, तोही हिरव्यात आहे. त्यामुळे या खात्यात धोका कमी असावा असं वाटतं.”

“छान,” मॅडम म्हणाल्या. “त्या एका ठिपक्यामुळेच तसं म्हणता येतंय. पुढच्या वर्षी आपल्याकडे मशीन थोड्या, माणसं जास्त. कांडीखातं सोडून मागावरच्यांनाच घेऊया.”

काशीच्या डोळ्यांसमोर हरेश आला. स्टुलावर बसलेला, भुवया पांढऱ्या. त्याच्या मागे त्याची बायको, पोटावर हात ठेवून. मग फाटकावर बसलेला ताबिश आला. परवाच त्यानं सायकलवरून जाताना “काकी, सलाम” म्हटलं होतं. ज्याला लाल आला तो जगला.

तिनं तसबिरीकडे पाहिलं. देवीवर तिचा राग नव्हता, कधीच नव्हता. देवीनं मागितलं ते दिलं होतं. तिनं रंग मागितला होता. माणूस मागितला नव्हता.

लडकूची मान हलत होती तिच्या डोळ्यांपुढे, मास्कच्या आडून. न्हाय. जन्मभर तिनं त्याचा शब्द मोडला नव्हता.

“बाय,” ती म्हणाली. “तो टिकला काड.”

“काय?”

“तुज्या बाबाचा टिकला काड तिकरून. तो खोटा हाय.”

कुणाला काही कळलं नाही. काशी उभी राहिली नाही, आवाज चढवला नाही. मांडीवरच्या पदराची घडी करत करत सांगत गेली. फुंकणी सांगितली, राख सांगितली. पंप सांगितला. “त्यांना वाटला तुजं मार्क हायत. मी बोलली, तसा न्हाय, पन मी पन... मी जाऊन आनला पंप. हिरवा त्यांचा नव्हता. चाचीच्या औषदाचा होता.”

“या अल्ला,” जैनब हळूच म्हणाली. “मैंने सोचा रात को दम चढ़ा होगा. मुझे क्या पता, तुम लोग मेरे पंप से इम्तिहान दे रहे थे.”

मेहरीनच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. “मी विचारलं होतं, काकी. औषध घेतलं का, मी विचारलं होतं.”

“विचारलंस गो. पोरीच्या पेपराला बाप खरा कसा सांगनार?”

तुळजा काठी हातात धरून उभी होती. तिनं आईकडे पाहिलं नाही, मॅडमकडे पाहिलं नाही. काठी हळूच भिंतीला टेकवली आणि मागच्या दारानं बाहेर गेली.

मॅडम म्हणाल्या, “काशीताई, हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं.”

“व्हय.”

“मग का सांगितलंत?”

“हरेश बसलाय तिथं,” काशी म्हणाली. “आनि मी सकालची दिवा लावतंय, मॅडम. देवीला तोंड कसा दाखवू?”

सगळे गेल्यावर काशी मागे गेली. तुळजा चुलीपाशी बसली होती, लडकू बसायचा तशीच, उकिडवी. समोर फुंकणी पडलेली. काशी थोडं अंतर ठेवून बसली. मारलं तर मारू दे, बोलली तर बोलू दे, असं मनाशी म्हणत.

“मीच म्हणाले होते,” तुळजा म्हणाली. “बाबा, नीट फुंका, मॅडम समोर असतील. मीच म्हणाले होते, आई.”

“तू साधा बोललीस.”

“त्यांच्याशी मी कधी मार्कांशिवाय दुसरं काही बोलले का? घरात आले की मार्क. मला किती पडले, मेहरीनला किती पडले. त्यांना दुसरं काय कळणार होतं?”

काशी सरकून जवळ बसली. तुळजानं तिला सरकू दिलं, पण डोकं टेकवलं नाही.

“दवाखान्यात तरी सांगायचं होतंस.”

“त्यांनी न्हाय बोलला.”

“आणि आता?”

“आता मी बोलली.”

एवढंच बोलणं झालं. संध्याकाळी पाणी भरायची वेळ झाली, दोघींनी पाणी भरलं. जेवताना तुळजानं आईच्या ताटात डाळ वाढली आणि म्हणाली, “चैत्रातली पालखी कधीच झाली. अजून मासळी खात नाहीस ती?”

“वरीस झाल्याबिगर देवलात कशी जाऊ? ओटी भरली न्हाय त नवस फिटला न्हाय.”

तुळजा हात धुऊन कागदासमोर जाऊन उभी राहिली. खालच्या ओळीतली शेवटची हिरवी टिकली तिनं नखानं अलगद उचलली. फेकली नाही. आरशाच्या कडेला काशीच्या जुन्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या, रोज कपाळावरून काढून लावलेल्या, आता तशाच राहिलेल्या. त्यांच्या रांगेत शेवटी तिनं ती लावली.

“दुसरा कंचा लावनार?” काशीनं विचारलं. “लाल?”

“नाही. लाल असेल असं आपल्याला वाटतं. मोजलेलं नाही ना.” तिनं कागदाकडे बोट केलं. “ती जागा रिकामी ठेवायची. आणि रिकामी का आहे ते मी सांगायचं, मुंबईला.”

“सगल्यांसमोर?”

“हो.” मग तिनं कपाटातून नळी काढली, कोमट पाण्यानं धुतली, स्वच्छ फडक्यावर पालथी घातली. “हरेशदादाला निरोप दे. कांडीखातं परत मोजायचं. आणि त्याला सांग, खोकला आला तर येऊ दे म्हणावं. उद्या शनिवार आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले. भिंत पुन्हा थरथरू लागली. तुळजा आणि मेहरीन नळी घेऊन कधीच्या गेल्या होत्या. आज उठायला उशीर झाला म्हणून काशीची घाई चालली होती. तिनं फडकं ओलं केलं, एकविरेच्या मुखावरची रुई पुसली, हातापायांवरची पुसली, दिवा लावला. आज काही मागितलं नाही. नुसते हात जोडले.

वळताना तिची नजर कागदावर गेली. सगळ्या टिकल्या जागच्या जागी होत्या. फक्त खालच्या ओळीत, शेवटी, जिथून ती हिरवी निघाली होती, तिथं तिचा डिंक तसाच राहिला होता. त्या चिकट गोल जागेवर रुई बसली होती. पांढरी, मऊ, टिकलीएवढी.

सवयीनं काशीचा फडक्याचा हात वर गेला. कागदापाशी जाऊन थांबला. मग तिनं तो खाली घेतला आणि चहा टाकायला गेली.